खवलासुराची पाठ

मी एक जुना राक्षस आहे. घाबरू नका मित्रांनो, आत कुणी नाही. निदान सध्या तरी नाही. खरे सांगायचे तर मी राक्षसाचा पोशाख आहे. अंगरखा, हातमोजे, शेपटी आणि शिंगे असलेला मुखवटा, असे सगळे मिळून मी. कपडे शिवण्याच्या एका लहानशा दुकानात, इस्त्रीच्या टेबलावरच्या खुंटीला मी लटकलेला असतो. माझे एक शिंग मोडले आहे, शेपटीचे टोक उंदरांनी पळवले आहे आणि अंगाला जुन्या रबराचा वास येतो. तरीही एके काळी मला पाहून पोरांची बोबडी वळत असे. हे अगोदरच सांगून ठेवतो, कारण पुढे माझी बरीच फजिती होणार आहे.

माझा जन्म कागदावर झाला. त्या काळी मुलांसाठी एक चित्रकथा निघत असे. तिच्यात धरणाच्या तळाशी राहणारा खवलासुर होता. तो पूल गिळायचा, आगगाड्या हवेत भिरकावायचा, आणि त्याच्या नुसत्या श्वासाने पाणी उकळायचे. शाळेची नाटके बसवणाऱ्या एका मास्तरांनी ती चित्रकथा वाचली आणि हिचा सिनेमा काढायचाच असा चंग बांधला. मास्तरांचा खिसा रिकामा होता पण हौस दांडगी होती. त्यांनी गल्लीतल्याच एका शिंप्याला गाठले आणि चित्रकथेचे पान त्याच्यापुढे ठेवून म्हणाले, "असा एक शिवून द्या."

मित्रांनो, त्या शिंप्याने मला शिवले. पोत्याच्या कापडाचा अंगरखा बेतला. सायकलीच्या फाटक्या ट्यूब गोळा करून, कापून त्यांचे खवले केले आणि एकेक खवला हाताने टाचला. कागदाचा लगदा आणि भुसा खळीत कालवून, पालथ्या बादलीवर थापून मुखवटा केला. मोडक्या खुर्चीच्या पायांची शिंगे झाली आणि डोळ्यांना लाल जिलेटीनचा कागद लागला. शिंपी मूळचा अगदी सडसडीत, छातीचा जरा नाजूक माणूस. खवले टाचून टाचून त्याची बोटे सुजली, पण माझ्या पाठीवरची खवल्यांची ओळ कुठे म्हणून वाकडी जाऊ दिली नाही त्याने.

फक्त एका बाबतीत त्याने घोटाळा केला. राक्षसाचे काम एक पैलवान करणार होता. भिंतींवर चिकटवायच्या जाहिरातींतही त्याचेच नाव छापून झाले होते. पण माप द्यायला बोलावले की पैलवान नेमका कुठल्यातरी कुस्तीला गेलेला असायचा. शिंप्याची एक जुनी सवय होती. गिऱ्हाईक आले नाही तर तो आरशापुढे उभा राहून स्वतःच्याच अंगावर टेप लावायचा आणि अंदाजाने थोडे वाढवायचा. विजारी नि सदऱ्यांच्या बाबतीत हे खपून जात होते. राक्षसाच्या बाबतीतही खपेल असे त्याला वाटले.

चित्रीकरणाच्या पहिल्या सकाळी पैलवानाने माझ्यात पाय घातला तो गुडघ्यापाशीच अडकला. दोघांनी ओढले, एकाने ढकलले. मी कुरकुरलो, पैलवान घामाघूम झाला आणि मास्तरांनी कपाळाला हात लावला.

"माप कुणाचं घेतलंत?" त्यांनी विचारले.

"माझंच," शिंपी म्हणाला. "चार बोटं सैल ठेवलंय की."

"अहो, चार बोटं? तुमच्यासारखे दोन बसतील या माणसात."

पैलवान बिचारा ओशाळला. "मी पोट आत घेतो," तो म्हणाला. त्याने घेतलेही, पण पोट आत घेऊन खांदे कमी होत नाहीत. शेवटी मास्तरांनी शिंप्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि त्या दिवसापासून शिंपीच माझ्या आत आला.

मित्रांनो, पोशाखाला माणूस आतून कळतो. बाहेरून सगळ्यांना मी दिसायचो, मला मात्र त्याचे ठोके ऐकू यायचे. तो मुखवट्यात गुरगुरण्याचा सराव करायचा आणि दर गुरगुरण्याच्या शेवटी त्याला खोकला यायचा. मधल्या वेळात सगळे चहा प्यायला गेले की तो माझ्या आतच बसून राहायचा, कारण मला काढायला नि घालायला फार वेळ लागे. तेव्हा तो हळू आवाजात बोलायचा. त्याची बायको पोटुशी होती. "मुलगी झाली तर तिला मशीन शिकवीन," तो म्हणायचा. "माप मात्र नीट घ्यायला सांगीन हो." हे सगळे तो माझ्या आत, अंधारात, कुणालाच उद्देशून नाही असे सांगायचा. मी ऐकायचो.

मुलगीच झाली. त्याच सुमारास धरणावरचे काम निघाले. राक्षस माणसांवर रुसून परत पाण्यात जातो, असा तो प्रसंग होता. दिवस कडाक्याच्या थंडीचे होते. शिंपी पाण्यात शिरायचा आणि प्रत्येक वेळी काहीतरी बिघडायचे. कधी मागच्या बंधाऱ्यावरून कुणी सायकलवाला घंटी वाजवत जायचा, कधी कॅमेराच अडायचा. त्याला पुन्हा बाहेर यावे लागे, आणि मी तर पोत्याचा, सगळे पाणी पिऊन बसलेला. माझे वजन त्याच्या अंगावर, आणि माझा गारठा त्याच्या छातीत. संध्याकाळी तो बाळाला पाहायला गेला आणि आपल्याला रबराचा वास येतोय म्हणून त्याने तिला उचलून घेतले नाही. "उद्या अंघोळ करून येतो," म्हणाला. रात्रीत तो तापाने फणफणला. ताप छातीत उतरला, आणि शिंपी पुन्हा कधी माझ्यात आला नाही. त्याचे त्यातच निधन झाले.

राक्षसाच्या मरणाचा प्रसंग मात्र अजून घ्यायचा होता. मास्तर कितीतरी दिवस घराबाहेर पडले नाहीत. मग एका दुपारी ते आले, त्यांनी ब्लेड घेतले आणि मानेपासून कमरेपर्यंत माझी पाठ कापली. त्यांचे डोळे वाहत होते. कापलेल्या पाठीतून पैलवानाला माझ्यात कोंबले. "कॅमेऱ्याकडे पाठ करायची नाही," मास्तरांनी त्याला बजावले. "पडायचं ते उताणं पडायचं." पैलवान उताणा पडला. विजेच्या तारेचा धक्का बसल्यासारखा तडफडला आणि निपचित झाला. मुखवट्याच्या आत तो मोठा माणूस हुंदके देत होता. "माफ कर रे शिंप्या," एवढेच तो म्हणत होता. लोकांना वाटले, काय छान मरतोय.

सिनेमा लागला तेव्हा मला चित्रपटगृहाच्या दारात, रस्त्याकडे तोंड करून उभे केले होते. म्हणजे आतला सिनेमा मी पाहिलाच नाही. मला फक्त आवाज यायचा. आधी मुलांच्या किंकाळ्या आणि मग मोठ्यांचे हसणे. पहिल्या दिवसांत किंकाळ्या जास्त होत्या, पुढे पुढे हसणेच उरले. बाहेर पडताना लोक माझ्या पोटावर टिचक्या मारायचे.

शिंप्याच्या बायकोला शेजारणींनी सगळे सांगितले. शेवटी त्याला विजेच्या तारेने मारतात, म्हणे, आणि तो असा काही तडफडतो की बघवत नाही. बायकोच्या मनाने घेतले की आपला नवरा तापात असताना त्याच्याकडून हे करून घेतले आणि त्याचे मरणच लोकांना तिकीट लावून दाखवले. नावही दुसऱ्याचे दिले. तिने सिनेमा पाहिला नाही. मास्तरांचे तोंड पाहिले नाही. मुलगी मोठी झाल्यावर तिला एकच सांगितले, "तो सिनेमा कधी बघू नकोस. त्यात तुझे बाबा मरतात."

मी भाड्याने पोशाख देणाऱ्या दुकानात गेलो. तिथली पहिली वर्षे बरी गेली. वाढदिवसाला, शाळेच्या संमेलनाला, टायरच्या दुकानापुढे नाचायला मला मागणी असे. दुकानदाराने माझी कापलेली पाठ बुटाच्या नाड्यांनी आवळून घेतली होती. पण मला घालणारी मुले फार वेळ टिकत नसत. एक चुणचुणीत मुलगी मुखवटा घातल्या घातल्या रडायला लागली. "आत कुणीतरी आधीच आहे," ती म्हणाली. दुसरा एक दांडगा मुलगा म्हणाला, "मी श्वास सोडला की आत अजून एक श्वास सुटतो." दुकानदाराने ते हसण्यावारी नेले. मित्रांनो, मी काही शपथेवर सांगत नाही. पण ज्या दिवशी मला कुणीच घातलेले नसे, त्या दिवशीही मुखवट्याच्या आतल्या बाजूला, तोंडापाशी, ओल असायची. कापडाला ओल कशाची हे चांगले कळते. ती पावसाची नव्हती.

मग मागणी आटली. नवे, फुगवायचे राक्षस आले. मी पोटमाळ्यावर गेलो, तिथे उंदरांनी माझी काय दशा केली ते सांगून तुमचे मन दुखवत नाही. दुकान बंद करायची वेळ आली तेव्हा दुकानदाराने मला गुंडाळले आणि शिंप्याच्या मुलीकडे आणले. ती आता चांगली मोठी बाई झाली होती, स्वतःचे शिलाईचे दुकान चालवत होती, आणि तिची मुलगी कॉलेजात जात होती. "तुमच्या वडलांच्या हातचं आहे," दुकानदार म्हणाला. "भंगारात द्यायला मन होईना."

शिंप्याची बायको आता आजी झाली होती. ती दुकानामागच्या खोलीत राहायची. मला पाहून तिने पदर नाकाला लावला. "हे घरात नको," म्हणाली आणि आत निघून गेली. मुलीने मात्र मला दुकानातच ठेवून घेतले, तोंड बाहेर आणि पाठ भिंतीकडे करून. आजी त्यानंतर दुकानात पाऊल टाकीनाशी झाली. मापाला आलेली माणसे मला हसत आणि मुलगी मला बघून न बघितल्यासारखे करी. सगळे असे एका घरात, आणि तो विषय कुणी काढायचा नाही. मला त्या घरात फार एकटे वाटले.

एका रविवारी दुपारी नात उड्या मारतच दुकानात आली. जुन्या चित्रकथांच्या वेड्या लोकांना खवलासुराचा सिनेमा कुठेतरी सापडला होता आणि त्यांनी तो इंटरनेटवर टाकला होता. तिने कापड कापायच्या टेबलावर संगणक ठेवला आणि शटर अर्धे ओढले. मुलगी हातात विजारीची दुमड घेऊन बसली, जणू तिला सिनेमाशी काही देणेघेणे नव्हते. मी भिंतीवरून बघत होतो. मित्रांनो, माझाच सिनेमा मी पहिल्यांदा पाहत होतो.

काय सांगू. खोकी रंगवून केलेली घरे, आणि एका घराच्या छपरावर चक्क साबणाचे नाव. नायकाची मिशी एका बाजूने सुटलेली. खेळण्यातली आगगाडी मी भिरकावतो तर तिचा दोरा स्पष्ट दिसतो. आणि मी एवढासा. चित्रकथेत डोंगराएवढ्या असलेल्या मला इथे दारातून वाकूनही जावे लागत नाही. नातीची हसून हसून मुरकुंडी वळली. मला लाज वाटली, हे मी कबूल करतो.

मग धरणाचा प्रसंग आला. राक्षस आपल्याकडे पाठ करून पाण्याकडे चालू लागला. काठाशी आल्यावर तो थांबला, आणि त्याने आपली शेपटी उचलून हातावर घेतली.

"आई, बघ ना," नात हसत म्हणाली, "राक्षस शेपटी भिजू नये म्हणून सांभाळतोय."

मुलगी हसली नाही. तिची सुई दुमडीतच राहिली. पडद्यावर पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, आणि खवल्यांच्या सरळ ओळी एकेक करून पाण्याखाली गेल्या.

नंतर शेवट जवळ आला तशी तिची चुळबुळ सुरू झाली. नायकाने विजेची तार हातात घेतली तेव्हा तिने संगणकाकडे हात नेला. "बंद कर," ती म्हणाली. "पुढचं मला नाही बघायचं."

"आई, आयुष्यभर हेच करणार का?"

"आजीनं सांगितलंय ना. यात ते मरतात."

मित्रांनो, तेव्हा मला कंठ फुटायला हवा होता. मला ठाऊक होते आणि मी सांगू शकत नव्हतो. ती संगणक बंद करणार, मग पुन्हा कधी उघडणार नाही, आणि आतल्या खोलीतली म्हातारी नवऱ्याचे ते खोटे मरण मनात घेऊनच एक दिवस जाणार. मी नुसता लटकत राहिलो. नातीने आईचा हात धरला, एवढेच झाले. "मी आहे ना," ती म्हणाली. तारेचा स्पर्श झाला, राक्षस तडफडू लागला, आणि मुलगी बोटांच्या फटीतून बघू लागली.

"थांबव," ती एकदम म्हणाली. "जरा मागे ने. ती बाही बघ. मनगटाच्या वर चढलीये."

"असेल. मग?"

"छातीवरचे खवले बघ, फाकलेत. मघाशी एकावर एक बसले होते. हा अंगरखा या माणसाच्या मापाचा नाहीये."

ती उठली. खुंटीवरून मला उतरवून तिने टेबलावर पालथे घातले. इतक्या वर्षांत माझी पाठ कुणी नीट पाहिलीच नव्हती. तिने नाड्या सोडल्या आणि मानेपासून कमरेपर्यंत बोट फिरवले. "उसवलं नाहीये हे," ती पुटपुटली. "ब्लेडनं कापलंय." मग तिने नातीला पुन्हा धरणाचा प्रसंग लावायला सांगितला. तिथे पाठ अखंड होती. ती बराच वेळ त्या पाठीकडे बघत राहिली.

"पाण्यात जातात ते बाबा," ती म्हणाली. "मरतो तो कुणीतरी वेगळा आहे. आडव्या अंगाचा."

"पैलवान असेल," नात म्हणाली. "नाव तर त्याचंच आहे."

मुलगी आतल्या खोलीच्या दारात गेली. आजी जुन्या डब्यातली बटणे निवडत बसली होती.

"आई, सिनेमात मरतो तो पैलवान आहे. बाबा नाहीत."

बटणे निवडणारा हात थांबला. "तुला कोण म्हणालं?"

"कुणी नाही. शिलाईवरून कळलं. तो बाबांच्या अंगरख्यात मावला नाही म्हणून पाठ कापलीये. शेवटी एकदाही पाठ दाखवलेली नाही त्यानं."

आजीने हातातले बटण मुठीत धरले. मग म्हणाली, "तो आला होता गं. पैलवान. दारात उभा राहून रडत होता. म्हणत होता, वहिनी, माझं ऐकून घ्या. मी कडी लावून घेतली." तिने बटणांचा डबा बाजूला ठेवला आणि भिंतीला धरत उठली. त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्या शेजारून गेली आणि तिने नाकाला पदर लावला नाही.

तिला स्टुलावर बसवले. नातीने धरणाचा प्रसंग लावला. राक्षस काठावर आला, थांबला आणि त्याने शेपटी हातावर घेतली.

"हेच ते," आजी म्हणाली. "कापड भिजलं की जीव खालीवर व्हायचा यांचा."

पडद्यावर तो पाण्यात शिरला. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले. आजी पुढे वाकली. आपल्या नवऱ्याला हलताना, चालताना ती केवढ्या वर्षांनी पाहत होती, आणि तोही पाठमोरा. पाणी खांद्याला लागले तेव्हा तिने पडद्याला हात लावला आणि अगदी घरातल्या आवाजात, जेवायला बोलवावे तसे म्हणाली, "अहो, पुरे झालं. गार आहे पाणी. या आता घरी."

तो वळला नाही. कसा वळणार. पण मला, टेबलावर पालथ्या पडलेल्या मला, आत काहीतरी थांबल्याचे जाणवले, जणू कुणी हाक ऐकायला कान दिला होता.

दुसऱ्या दिवशी मुलीने दाभण आणि जाड दोरा काढला. माझी पाठ शिवायला घेतली. आजी दुकानात आली आणि म्हणाली, "ते राहू दे. ते शिवलंस तर कुणाला कळणार, मरतो तो वेगळा होता म्हणून?" मुलीने दोरा गुंडाळून ठेवला. माझी पाठ अजून तशीच आहे. खुंटीवर मला आता पाठ बाहेर करून टांगतात.

मित्रांनो, मोडक्या वस्तूंना जपा म्हणून मी तुम्हाला सांगणार होतो, पण जपणे म्हणजे नेहमी डागडुजी करणे नव्हे, हे मला या घरात कळले. जुने सिनेमे बघा आणि आमच्यासारख्या राक्षसांना खुशाल हसा, आम्ही हसण्यासारखेच आहोत. फक्त हसून झाले की एकदा विचारा, आत कोण होते. आत माणूस असतो, त्याला थंडी वाजत असते, आणि घरी कुणीतरी त्याच्यासाठी दार उघडे ठेवून बसलेले असते.

आजी आता दर रविवारी दुकानात येते. नात सिनेमा लावते, आणि तो पाण्यात शिरला की आजी हाताने खूण करून बंद करायला सांगते. शेवट तिने अजून पाहिलेला नाही. परवा नात म्हणाली, "आजी, थोडंच राहिलंय, बघ की." आजी म्हणाली, "नको. ते आधी बाहेर येऊ देत."